घर डिचोलीत, मुलगा स्विंडनमध्ये : खासगी आंतरराष्ट्रीय आणि तौलनिक कायद्याची पुस्तके कशासाठी वाचायची

गोव्यातील जमिनीचे एखादे विक्रीखत आणि सावंतवाडीचे एखादे विक्रीखत शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, तर पहिल्या पानावरच फरक दिसतो. सावंतवाडीच्या खतात सातबारा ज्याच्या नावे आहे त्याचे नाव विकणारा म्हणून येते आणि बहुधा तेवढ्यावर भागते. गोव्याच्या खतात मात्र एक-चौदाच्या, म्हणजे तिथल्या सातबाराच्या, उताऱ्यावर एकट्या नवऱ्याचे नाव असले, तरी त्याच्या नावाखाली बायकोचे नाव, वय आणि पत्ता येतो, आणि शेवटच्या पानावर तिचीही सही असते. ती सही नसेल तर जाणता खरेदीदार पैसे मोजत नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडला की नवरा-बायकोच्या मालमत्तेचा कायदा बदलतो, आणि नाक्याच्या दोन्ही बाजूंना देश एकच आहे.

एकाच माणसाला, एकाच घराला किंवा एकाच लग्नाला दोन वेगवेगळे कायदे लागू पडू शकतात तेव्हा काय करायचे, या प्रश्नावर गेली दोन शतके जगभरात मोठे लेखन झाले आहे. कायद्याच्या ग्रंथालयात ही पुस्तके साधारणपणे तीन गटांत लावलेली असतात : आंतरराष्ट्रीय कायदा, खासगी आंतरराष्ट्रीय कायदा आणि तौलनिक कायदा. ती प्राध्यापकांनी प्राध्यापकांसाठी लिहिलेली असतात असा आपला समज आहे, आणि त्यांची भाषा पाहता तो अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. तरीही ज्या घरातला एक मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला आहे आणि ज्याच्या बापजाद्यांची बागायत अजून सर्वांच्या नावे एकत्र आहे, अशा गोव्यातील प्रत्येक घराचा या पुस्तकांशी थेट संबंध आहे, असे मला मनापासून वाटते.

एक कल्पित कुटुंब घेऊ आणि लेखभर तेच हाताशी ठेवू. डिचोलीत वडिलांचे घर आणि कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बागायत, आहे. तरुणपणी मुंबईत नोकरी करताना त्यांनी दादरला एक खोली घेतली. पुढे काही वर्षे ते मुलाकडे इंग्लंडमधल्या स्विंडनला राहिले, तिथे काम केले आणि तिथल्या बँकेत थोडी शिल्लक टाकली. मग कायमचे राहायचे म्हणून डिचोलीला परतले. मुलगा स्विंडनमध्येच आहे, मुलीचे लग्न होऊन ती फोंड्याला असते, आई हयात आहे. वडील वारले. आता तीन ठिकाणच्या मालमत्तेची वाटणी कोणत्या कायद्याने व्हायची?

पहिला गट, म्हणजे सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा, इथे फारसा कामाला येत नाही, कारण तो राष्ट्राराष्ट्रांमधला कायदा आहे. मात्र गोव्याच्या वाचकाला तो परका नाही. दादरा आणि नगर हवेलीकडे जाण्याच्या मार्गावरून पोर्तुगालने भारताविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता आणि १२ एप्रिल १९६० रोजी त्याचा निकाल लागला, हे या विषयाच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते. गोवा मुक्त झाल्यावर एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले आणि राहण्याचा परवाना संपल्यावर त्यांच्यावर खटला झाला. गोवा हा ‘व्यापलेला प्रदेश’ मानायचा की भारतात विलीन झालेला, आणि जिनिव्हा करारांचे संरक्षण त्यांना मिळते का, याचा विचार सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्या खटल्यात केला आणि विलीनीकरण पूर्ण झाले आहे असे ठरवले. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस झालेल्या तहाने. आपल्या कुटुंबापुरते या इतिहासातून एवढेच घ्यायचे, की राज्य बदलले तरी दिवाणी कायदा आपोआप बदलत नाही. संसदेने १९६२ च्या गोवा, दमण आणि दीव प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमाने, बदलेपर्यंत किंवा रद्द होईपर्यंत इथले जुने कायदे चालू ठेवले, आणि म्हणूनच १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, जी गोव्यात १ जुलै १८७० पासून लागू होती, ती १९ डिसेंबर १९६१ नंतरही इथल्या लग्नांना आणि वारसांना लागू राहिली.

दुसऱ्या गटाच्या नावाने मात्र अनेकांची फसगत होते. ‘खासगी आंतरराष्ट्रीय कायदा’ असे म्हटले की कुठेतरी सर्व देशांनी मिळून केलेले एक पुस्तक असेल आणि त्यात उत्तर असेल, असे वाटते. तसे पुस्तक नाही. इथे आंतरराष्ट्रीय असते ती परिस्थिती. कायदा ज्याच्या त्याच्या देशाचा असतो. परदेशाशी धागा असलेले प्रकरण समोर आले तर आपल्या न्यायाधीशाने काय करायचे याचे नियम प्रत्येक देशाने स्वतःपुरते केलेले आहेत. इंग्रज लेखकाचा ग्रंथ इंग्लंडमधले न्यायालय काय करील ते सांगतो आणि फ्रेंच लेखकाचा फ्रान्समधले. तो ग्रंथ हातात घेऊन पणजीच्या न्यायालयात ‘आंतरराष्ट्रीय नियम असा आहे’ असे सांगू लागणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. हेगच्या परिषदेने १८९३ पासून या नियमांत एकवाक्यता आणण्याचे काम चालवले आहे आणि भारत २००८ पासून तिचा सदस्य आहे. पण सदस्य होणे वेगळे आणि तिथला प्रत्येक करार स्वीकारणे वेगळे. एका पालकाने मूल परस्पर दुसऱ्या देशात नेले तर त्याला परत पाठवण्याविषयीचा १९८० चा करार भारताने स्वीकारलेला नाही, हे परदेशी राहणाऱ्या जोडप्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

या विषयाचे कोणतेही पुस्तक उघडा, त्याचा सांगाडा तीन प्रश्नांचा असतो. दावा कोणत्या देशाच्या न्यायालयाने ऐकायचा? त्या न्यायालयाने कोणत्या देशाचा कायदा लावायचा? आणि निकाल लागल्यावर तो दुसऱ्या देशात चालेल का? पहिला प्रश्न आपल्या कुटुंबापुरता सोपा आहे : डिचोलीच्या घराची वाटणी गोव्याच्या न्यायालयात इन्व्हेंटरीची, म्हणजे मृताच्या मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटण्याची, कार्यवाही लावून होईल. खरी गुंतागुंत दुसऱ्या प्रश्नात आहे, आणि पुस्तकांची निम्मी-अधिक पाने त्यातच जातात.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरे दिली गेली. अमेरिकेचे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी १८३४ च्या आपल्या ग्रंथात, एक देश दुसऱ्याचा कायदा मानतो तो परस्पर सौजन्यापोटी, या जुन्या डच विचाराला बळ दिले. जर्मनीच्या साव्हिनी यांनी १८४९ मध्ये प्रश्नच फिरवून मांडला : कायदा कुठवर पोहोचतो हे पाहण्याऐवजी, समोरच्या कायदेशीर नात्याचे बस्तान कोणत्या भूमीवर आहे ते शोधा आणि तिथला कायदा लावा. जमिनीचे बस्तान जमीन आहे तिथे, माणसाच्या वारशाचे बस्तान त्याच्या अधिवासाच्या गावी. इटलीचे मान्चिनी १८५१ मध्ये म्हणाले की माणसाचे नागरिकत्व हाच खरा धागा आहे. आजही इंग्लंड-भारतासारखे देश अधिवासाकडे पाहतात आणि युरोपातल्या कित्येक देशांनी दीर्घकाळ नागरिकत्वाकडे पाहिले, त्याचे मूळ या मतभेदात आहे.

अधिवास म्हणजे नुसता पत्ता नव्हे. जिथे कायमचे राहण्याचा इरादा आहे ते ठिकाण, असा त्याचा अर्थ आहे. आपल्या कथेतले वडील स्विंडनला राहिले तरी परतण्याच्या इराद्याने राहिले आणि परतले. त्यांचा अधिवास गोव्याचाच राहिला. जंगम मालमत्तेच्या वारशासाठी इंग्लंडचे न्यायालय मृताच्या अधिवासाचा कायदा पाहते, म्हणून तिथल्या बँकेतली शिल्लक वाटताना ते भारताकडे बोट दाखवील. पण भारतात तर धर्मागणिक वारसा कायदे आहेत आणि गोव्याचा आणखी वेगळा आहे. तेव्हा ‘भारताचा कायदा’ म्हटल्यावर तिथल्या न्यायाधीशाला भारतातला नेमका कोणता, हेही विचारावे लागेल, आणि उत्तर गोव्याचा असे येईल.

आता आईचा प्रश्न, आणि या विषयाचे मर्म इथेच आहे. गोव्यात लग्नाआधी वेगळा करारनामा केला नसेल तर सर्वसाधारण मालमत्ता-सहभागाची पद्धत आपोआप लागू होते. लग्न झाल्याबरोबर दोघांची आधीची आणि पुढे येणारी मालमत्ता, कायद्याने वगळलेला भाग सोडता, एका पोटात जाते आणि तिच्या अर्ध्या भागावर प्रत्येकाचा अविभक्त हक्क तयार होतो. विक्रीखतावरची बायकोची सही येते ती इथून. नवरा वारला की बायकोला मिळणारे अर्धे हे वारसा म्हणून येत नाही. ते आधीपासून तिचेच होते, फक्त वेगळे काढले जाते. पण हे वाक्य दुसऱ्या देशाच्या न्यायाधीशापुढे मांडले की तो विचारतो : ही मागणी लग्नातल्या मालमत्तेची मानायची की वारशाची? या दोन खणांना त्याच्या देशात दोन वेगळे नियम असतात आणि खण बदलला की लागू होणारा कायदा बदलतो. यालाच वर्गीकरणाचा प्रश्न म्हणतात.

तो पहिल्यांदा ठळकपणे पुढे आला तो अल्जियर्सच्या न्यायालयात, १८८९ मध्ये. माल्टात लग्न केलेले एक जोडपे अल्जीरियात, म्हणजे त्या वेळच्या फ्रेंच मुलखात, जाऊन राहिले. नवऱ्याने तिथे जमीन घेतली आणि तो वारला. माल्टाच्या कायद्याप्रमाणे विधवेला त्या जमिनीच्या चौथ्या हिश्श्याचा उपभोग मिळायला हवा होता. तो वारशाचा हक्क मानला तर जमीन फ्रेंच भूमीवर असल्याने फ्रेंच कायदा लागणार आणि तिच्या हाती काही येणार नाही. तो लग्नातल्या मालमत्तेचा हक्क मानला तर लग्नाच्या वेळचा माल्टाचा कायदा लागणार आणि तिला हिस्सा मिळणार. न्यायालयाने दुसरा मार्ग धरला. त्यानंतरच्या काही वर्षांत जर्मनीत कान आणि फ्रान्समध्ये बार्तां यांनी या पेचावर जे लिहिले, त्याने या विषयाला नवे प्रकरणच जोडले. दोन कायदे प्रत्यक्ष भिडण्याआधीच, कोणत्या खणात हात घालायचा या टप्प्यावर निकाल कसा ठरून जातो, हे त्या विधवेच्या चौथ्या हिश्श्याने दाखवून दिले. गोव्यातल्या प्रत्येक विधवेचे अर्धे त्याच टप्प्यावर उभे असते.

दुसरा खटला लंडनचा आहे आणि तो आपल्या कुटुंबाच्या अधिक जवळचा आहे. दे निकोल्स नावाच्या फ्रेंच माणसाने १८५४ मध्ये पॅरिसमध्ये लग्न केले. लग्नाआधी करारनामा नव्हता, म्हणून फ्रेंच कायद्याची सहभागाची पद्धत लागू झाली. १८६३ मध्ये नवरा-बायको जवळजवळ रिकाम्या हाताने इंग्लंडला गेले आणि तिथे त्यांनी रीजंट स्ट्रीटवर कॅफे रॉयल हे उपाहारगृह नावारूपाला आणले. १८९७ मध्ये तो वारला तेव्हा मोठी संपत्ती मागे होती आणि मृत्युपत्राने तिची विल्हेवाट लावलेली होती. पत्नी म्हणाली, अर्धे माझे आहे, त्याचे मृत्युपत्र त्याच्या अर्ध्यापुरते. इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर फ्रेंच पद्धत संपली, असे विरुद्ध बाजूचे म्हणणे होते. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०० मध्ये पत्नीचे म्हणणे मान्य केले : लग्नाच्या वेळी जो सहभाग जन्माला आला तो देश बदलल्याने आटत नाही. डिचोलीला लग्न झालेली आई स्विंडनच्या बँकेतल्या पैशांपैकी अर्धे आपले म्हणून मागते, तेव्हा तिच्या वकिलाला पहिला आधार या खटल्याचा घ्यावा लागेल.

हिशेब आकड्यांत पाहू. सगळे मिळून १ कोटी २० लाखांचे आहे असे धरू. आधी ६० लाख आईचे बाजूला. उरलेले ६० लाख ही वडिलांची खरी मागे राहिलेली मालमत्ता. त्यातले निम्मे, ३० लाख, हे ‘लेजितिमा’, म्हणजे मुलांसाठी कायद्याने राखून ठेवलेला भाग. मुलगा आणि मुलगी यांना तो समान, प्रत्येकी १५ लाख. वडिलांना मृत्युपत्राने मनासारखे देता येईल ते फक्त उरलेले ३० लाख. ते त्यांनी सारे मुलीला दिले असतील तर मुलीला ४५ लाख आणि मुलाला १५. मुलाला घरातून काढले, त्याच्या नावे एक पैसाही ठेवला नाही, असे साध्या मृत्युपत्राने गोव्यात करता येत नाही. त्यासाठी कायद्याने सांगितलेली कारणेच असावी लागतात.

दादरच्या खोलीचे काय? ती मुंबईत. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पाहिले तर मृत्युपत्र नसताना बायको, मुलगा, मुलगी यांना समान तिसरा हिस्सा मिळतो आणि मृत्युपत्र असेल तर वडील आपली स्वकष्टार्जित खोली हव्या त्या माणसाला पूर्णपणे देऊ शकतात. गोव्याच्या कायद्याप्रमाणे आधी आईचे अर्धे. कोणता मानायचा? गोव्याबाहेर भारतात कुठेही असलेल्या मालमत्तेला गोव्याच्या अधिवासी माणसाच्या बाबतीत गोव्याचाच वारसा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात ठरवले. त्या प्रकरणातही मुंबईतले घर आणि १९६७ मध्ये वारलेले गोव्याचे गृहस्थ होते. न्यायालयाचा युक्तिवाद आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पोर्तुगीज संहिता परदेशी कायदा म्हणून इथे चालत नाही. भारताच्या संसदेने चालू ठेवल्यामुळे ती भारतीय कायदा झाली आहे. म्हणून खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याचे नियम, म्हणजे जमीन आहे तिथला कायदा वगैरे, इथे ओढून आणण्याची गरज नाही. परदेशी भाषेत लिहिलेला, परदेशी संसदेने केलेला कायदा स्वदेशी कसा होतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला पाठ्यपुस्तकांत आढळलेले नाही.

हेच कुटुंब स्विंडनऐवजी लिस्बनला स्थायिक झाले असते आणि वडील तिथेच वारले असते, तर चित्र पालटले असते. युरोपीय संघाचा २०१२ चा वारसा नियम १७ ऑगस्ट २०१५ पासून झालेल्या मृत्यूंना लागू आहे. त्याप्रमाणे माणूस शेवटच्या काळात नियमितपणे जिथे राहत होता त्या देशाचा कायदा त्याच्या साऱ्या मालमत्तेला लागतो, मग ती जगात कुठेही असो, आणि हवे तर माणूस आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लेखी निवडू शकतो. म्हणजे लिस्बनचे न्यायालय डिचोलीच्या घरालाही पोर्तुगालचा कायदा लावू पाहील, आणि भारतातले न्यायालय भारतातल्या जमिनीसाठी इथल्याच कायद्याकडे पाहील. दोघेही आपापल्या नियमाने बरोबर. व्यवहारात डिचोलीच्या जमिनीच्या उताऱ्यावर नाव चढवायचे तर शेवटी गोव्यातच यावे लागते.

कधी कधी दोन देश एकमेकांकडे बोट दाखवतात. फोर्गो नावाचा बव्हेरियात जन्मलेला आणि लहानपणापासून फ्रान्समध्ये वाढलेला माणूस मृत्युपत्र न करता वारला. फ्रेंच नियमाने बव्हेरियाचा कायदा लागणार होता आणि त्या कायद्याने आईकडच्या दूरच्या नातलगांना संपत्ती मिळाली असती. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ मध्ये बव्हेरियाचा कायदा उघडून पाहिला, तर तो फ्रान्सकडेच बोट दाखवत होता. मग फ्रेंच कायदा लागला, त्यात ते नातलग वारस नव्हते आणि संपत्ती फ्रान्सच्या सरकारजमा झाली. याला फ्रेंच शब्द रेन्व्हॉय, म्हणजे परत पाठवणे. विद्यार्थी या प्रकरणाला घाबरतात, पण मूळ गोष्ट इतकीच आहे.

तिसऱ्या प्रश्नावर, निकाल दुसऱ्या देशात चालण्यावर, थोडक्यात सांगतो. परदेशी निकाल भारतात केव्हा मानायचा नाही याची सहा कारणे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तेराव्या कलमात आहेत. परदेशातल्या घटस्फोटांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कडक भूमिका घेतली : ज्या कायद्याखाली लग्न झाले त्या कायद्याला मान्य असलेल्या न्यायालयाने आणि त्यात असलेल्या कारणावरच घटस्फोट दिला असावा, काही अपवाद सोडता. तिथला कागद हाती आहे म्हणून इथे दुसरे लग्न करायला निघालेल्यांनी हा निकाल आधी वाचावा. पैशांच्या हुकूमनाम्यांबाबत ब्रिटन हा परस्पर मान्यतेचा देश असल्याने तिथल्या वरिष्ठ न्यायालयांचे हुकूमनामे कलम ४४ अ खाली थेट इथे अंमलात आणता येतात. पोर्तुगालच्या निकालावर मात्र नव्याने दावा करावा लागतो. आणि मुलाला स्विंडनहून मुखत्यारपत्र पाठवायचे असेल तर त्यावर अपोस्टिलचा, म्हणजे दस्तावरची सही खरी असल्याचे दुसऱ्या देशाला सांगणारा, शिक्का लागतो, जो भारतात १४ जुलै २००५ पासून चालतो. इन्व्हेंटरीची कितीतरी कामे कायद्याच्या मोठ्या प्रश्नावर अडत नाहीत, या एका शिक्क्यासाठी महिनोन्महिने थांबून राहतात.

तौलनिक कायद्याची पुस्तके वेगळे काम करतात. ती न्यायालयात कोणता कायदा लावायचा ते सांगत नाहीत; दोन कायदे शेजारी ठेवून कसे वाचायचे ते शिकवतात. पॅरिसला १९०० मध्ये या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हापासून या अभ्यासाला स्वतंत्र रूप आले. त्याचा मुख्य धडा असा, की कलमाची तुलना कलमाशी करू नये. ते कलम समाजातली कोणती गरज भागवते ते पाहावे आणि दुसऱ्या देशात ती गरज कोणत्या मार्गाने भागते ते शोधावे.

१८६७ च्या संहितेतला वारसांचा क्रम याचे उत्तम उदाहरण आहे. आधी मुले-नातवंडे, मग आई-वडील, मग भाऊ-बहीण आणि त्यांची मुले, आणि चौथ्या क्रमांकावर हयात नवरा किंवा बायको. हिंदू उत्तराधिकार कायदा, ज्यात विधवा पहिल्या वर्गातली वारस आहे, शेजारी ठेवला तर गोव्याचा कायदा विधवेवर अन्याय करणारा वाटतो. पण तिने वारसा सुरू होण्याआधीच अर्धे घेतलेले असते, हे विसरले की तुलना फसते. एका कायद्याने तिची सोय वारशाच्या दारातून केली, दुसऱ्याने लग्नाच्या दारातून. याचा अर्थ दोन्ही सारखेच झाले असा नाही. नवरा कर्जात बुडाला असेल तर सहभागात कर्जाचाही वाटा येऊ शकतो, आणि मूलबाळ नसलेल्या विधवेला दिरांसोबत नवऱ्याच्या अर्ध्याचा हिशेब मांडावा लागतो.

त्याहून बोलके आहे ते पोर्तुगालचे पुढचे वळण. तिथे १९६६ मध्ये नवी नागरी संहिता झाली, १९६७ पासून ती अंमलात आली, आणि करारनामा नसेल तर लग्नानंतर कमावलेल्या मालमत्तेपुरताच सहभाग धरायचा, असा नियम झाला. मग १९७७ च्या सुधारणेने हयात जोडीदाराला मुलांच्या बरोबरीने सक्तीचा वारस केले. लग्नातले दार थोडे अरुंद केले तेव्हा वारशाचे दार रुंद करावे लागले. गोवा तोवर भारतात आलेला असल्याने ही नवी संहिता इथे कधीच लागू झाली नाही. लिस्बनने सोडून दिलेला कायदा डिचोलीत जिवंत राहिला, आणि त्याच्यात बदल झाले ते आपल्या विधानसभेने केले. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी यांचा गोव्याचा २०१२ चा कायदा २०१६ च्या अखेरीस लागू झाला आणि संहितेतल्या त्या भागाची जागा त्याने घेतली. म्हणून आज लिस्बनच्या पुस्तकाच्या दुकानातून नागरी कायद्याचे नवे कोरे भाष्य आणून गोव्यात उपयोग करू पाहणाऱ्याची निराशा होते. त्यातले ‘संहिता’ हे नाव तेवढे आपले. आतला कायदा दुसरा.

गोव्याच्या वकिलाला त्यामुळे जुनी पुस्तके लागतात. जोझे दियास फेरेइरा यांचे एकोणिसाव्या शतकातले कलमवार भाष्य, आणि त्याहून अधिक, लुईस दा कुन्हा गोंसाल्विस यांचा १९२९ पासून प्रसिद्ध होत गेलेला नागरी कायद्याचा बहुखंडी ग्रंथ. कुन्हा गोंसाल्विस मूळचे गोव्याचे. पोर्तुगालच्या साऱ्या नागरी कायद्यावर सर्वांत विस्तृत भाष्यांपैकी एक गोव्यात जन्मलेल्या माणसाने लिहावे आणि पोर्तुगालमध्ये तो कायदा गेल्यावर त्या भाष्याचे खरे घर पुन्हा गोवाच व्हावे, याचे मला फार अप्रूप वाटते. या ग्रंथांना न्यायालयात जे वजन असते तेही युरोपीय परंपरेतून आलेले आहे. तिथे प्राध्यापकाचे भाष्य हे कायदा समजण्याचे मुख्य साधन मानले जाते. इंग्लंडच्या परंपरेत भर आधीच्या निकालांवर असतो, आणि जिवंत लेखकाचे पुस्तक न्यायालयात आधार म्हणून सांगू नये असा संकेत तिथे दीर्घकाळ होता. गोव्याच्या खंडपीठात इंग्रजी वळणाचे न्यायाधीश युरोपीय वळणाचा मजकूर वाचतात, त्यामुळे एकाच निकालात दोन्ही वाचनपद्धती एकमेकींशेजारी दिसतात.

ही पुस्तके वाचायला घेताना मी आधी तीन गोष्टी पाहतो. लेखक कोणत्या देशाच्या न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून लिहितो आहे. आवृत्ती कोणत्या सालची आहे, कारण युरोपच्या वारशावरचे २०१५ पूर्वीचे पुस्तक आज फक्त इतिहास म्हणून उपयोगी. आणि ‘अधिवास’, ‘वारस’, ‘नोटरी’ हे शब्द त्याने कोणत्या अर्थाने घेतले आहेत. शेवटची गोष्ट दिसते त्याहून अवघड आहे. महाराष्ट्रातला नोटरी सही साक्षांकित करतो. गोव्यातला विशेष नोटरी वारस कोण आहेत याचा दस्त स्वतः तयार करून आपल्या नोंदवहीत उतरवतो, कारण तो शब्द इंग्लंडमार्गे न येता लिस्बनमार्गे आलेला आहे. शब्द एकच, कामे दोन.

आपल्या डिचोलीच्या आईपुढे हे सगळे एका तक्त्याच्या रूपाने येते. इन्व्हेंटरीत ‘काबेसा द काझाल’ म्हणजे कुटुंबाची प्रमुख म्हणून तिला मालमत्तेची यादी शपथेवर द्यायची असते : घर, कुळागर, दादरची खोली, स्विंडनच्या बँकेतली शिल्लक. वारसांच्या रकान्यात मुलगा येतो आणि त्याच्या नावापुढे त्याची बायको, मुलगी येते आणि तिच्या नावापुढे तिचा नवरा, कारण त्यांच्याही लग्नांना सहभागाची पद्धत लागू असेल तर त्यांच्या वाट्याला येणाऱ्या हिश्श्यात जोडीदाराचा हक्क आहे. सून स्विंडनमध्येच वाढलेली आणि लग्न तिथेच झालेले असेल, तर त्या एका नावापाशी वकिलाला पेन खाली ठेवून पुस्तक उघडावे लागते, आणि माल्टाच्या त्या जोडप्याचे प्रकरण पुन्हा पहिल्यापासून वाचावे लागते.